उभयतांच्या नावे

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, दिवाळी होऊन पंधरवडा उलटला असेल, एका दुपारी मी ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. आत हे पत्र्याची ट्रंक उघडून काहीतरी शोधत होते. जरा वेळाने बाहेर आले तेव्हा एका हातात घड्यांवर विरलेला जुना दस्त होता आणि दुसऱ्या हातात आमच्या हेमंताची कोरी वही.

"कुमुद, हात झटक आणि इकडे ये. सही करून दाखव."

"कशावर?"

"वहीवर गं. सरावासाठी."

मला हसू आलं. "सहीचा सराव लग्न झालं तेव्हाच केलाय की. नवं नाव गिरवत महिनाभर पाटी घेऊन बसले होते. विसरलात?"

ते हसले नाहीत. दस्ताचं शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"अशी यायला हवी."

खाली दोन सह्या होत्या. एक यांची, ओळखीची. दुसरी जांभळट शाईतली, गोल गोल अक्षरांची: सौ. कुमुदिनी मनोहर घळसासी. नाव माझं होतं. अक्षर माझं नव्हतं.

आम्ही तेव्हा बार्शीला राहत होतो. हे एका जिनिंग कारखान्यात हिशेबनीस होते. कारखाना बंद पडला आणि यांना पुण्याला एका कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी लागली. बार्शीचं घर विकायचं आणि पुण्यात ओनरशिपचा ब्लॉक घ्यायचा, असं ठरलं. ब्लॉक हा शब्दच मला तेव्हा गोड लागायचा. घरात नळ, नळाला दोन्ही वेळ पाणी, हेमंताला चांगली शाळा. आणि यांनी आपण होऊन म्हटलं होतं, "ब्लॉक दोघांच्या नावावर घेऊ. तुझं नाव पहिलं घालू." डाळीचे व्यापारी बलदवाशेठ बार्शीचं घर घ्यायला तयार होते. विसार देऊन झाला होता. गुरुवारी रजिस्टर कचेरीत जायचं होतं.

मी यांची दुसरी बायको. पासष्ट साली लग्न झालं तेव्हा मी अठराची होते. पहिली जाऊन वर्ष झालं होतं आणि तिची शैला सात वर्षांची होती. माहेरी माझं नाव द्वारका, सगळे द्वारकी म्हणायचे. लग्नात ताटातल्या तांदळात नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, भटजींना म्हणाल्या, "कुमुदिनीच लिहू दे. आमच्यात पहिलीचं नाव पुढे चालवतात. गेलेलीला बरं वाटतं आणि आलेलीला त्रास होत नाही." माझ्या वडिलांनी मान हलवली. माझ्या पाठीवर आणखी तीन मुली उजवायच्या होत्या. मान हलवण्यावाचून त्यांच्यापाशी काय होतं? यांनी अंगठीने तांदळात ते नाव लिहिलं. भराभर लिहिलं. हाताला सवय होती.

त्याचं मला कधी फारसं वाईट वाटलं नाही, हेही सांगायला हवं. शैला पहिल्या आठवड्यातच मला आई म्हणू लागली होती, आणि त्या हाकेपुढे बाकी नावांचं काही वाटत नसे.

"ही त्यांची सही ना?" मी विचारलं. पहिलीला मी नेहमी 'त्या' म्हणत असे.

"हो."

"घर त्यांच्या नावावर होतं?"

"दोघांच्या. तिच्या वडिलांनी निम्मे पैसे घातले होते. म्हणाले, खरेदीखतात पोरीचं नाव घालाल तर देतो."

आतून अक्कांचा आवाज आला. "महाहट्टी माणूस! मामलेदारी करून आला होता ना. अख्ख्या आळीत कुणाच्या बायकोचं नाव घराला नव्हतं. लोक विचारायचे, काय अक्का, सुनेकडे भाड्याने राहता का?"

"अक्का, तू पड बघू जरा," हे म्हणाले.

मी दस्त हातात घेतला. १९५८. 'आम्ही उभयतांनी' असे शब्द जागोजागी होते.

"मग त्यांचा निम्मा भाग आता कुणाचा?"

यांना खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाले, "वकिलाला विचारलं मी. निम्म्यातला निम्मा माझा, निम्मा शैलाचा."

"म्हणजे घरात चार आणे शैलाचे."

"कायद्याने."

"मग तिची सही घ्या. माझी कशाला?"

"तिची सही मागितली की तिच्या सासऱ्यांना कळणार. तो माणूस लग्नात आहेराची धोतरं उलगडून बघत होता, बघितलंस ना? चार आणे त्यांनी मागितले की ब्लॉक गेला. मग पुण्यात भाड्याच्या खोलीत मी एकटा, आणि तुम्ही इथे." त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "आणि यात खोटं काय आहे? रेशनकार्डावर तू कुमुदिनी, मतदारयादीत कुमुदिनी. बलदवांना तरी दुसरी कोण माहीत आहे? ते आपले लातूरहून नंतर आलेले."

"बलदवांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही."

खरंच, माझं दुसरं नाव कुठे लिहिलेलं तरी होतं? मी वही घेतली आणि गिरवू लागले. 'कु' चमत्कारिक होता, शेपूट आत वळवलेलं. 'घ' मोठा, ऐसपैस. बाई जरा निवांत स्वभावाची असावी असं वाटलं. तेरा वर्षं तिच्या भांड्यांत स्वयंपाक करत होते, तिच्या देव्हाऱ्यात दिवा लावत होते, पण तिची अशी ओळख मला पहिल्यांदाच झाली. वहीची चार पानं भरली तेव्हा सही जमली.

हे वाकून बघत म्हणाले, "अगदी तिचीच." आणि मग दोघंही दुसरीकडे बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी हे बाहेर गेल्यावर मी अक्कांच्या केसांना तेल लावत होते. म्हटलं, "अक्का, शैलाला न सांगता हे बरं दिसतं का?"

"शैलाचं लग्न करून दिलं. तिचं तिथं चाललंय. तू तुझ्या लेकाचं बघ," अक्का म्हणाल्या. "आणि तुझं बघ. उद्या मनोहरचं काही झालं तर तुला कोण आहे? माहेरी भाऊ नाही. नावावर घर होतंय तर गप करून घे. माझ्या नावाची उभ्या जन्मात एक पितळेची घागर होती, तिच्यावरसुद्धा सासऱ्यांचं नाव कोरलेलं."

मी हसले. त्याही हसल्या. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. मला ब्लॉक हवा होता. माझं नाव असलेलं घर हवं होतं. ते मिळवायला फक्त एक सही करायची होती, आणि ती आता मला येत होती.

गुरुवारी मी ठेवणीतलं हिरवं पातळ नेसले. रजिस्टर कचेरी म्हणजे कौलारू इमारत, बाहेर लिंबाखाली दस्त लिहिणारे आपापली बैठी मेजं मांडून बसलेले. बलदवाशेठ आधीच आले होते. हसतमुख माणूस, कपाळाला केशरी टिळा. "या वहिनी. घर तुमचं सोन्यासारखं ठेवू, काळजी करू नका. पाडव्याला पहिलं जेवण तुमचंच." ओळख पटवायला यांचे मित्र अंबादास पटणे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिलीच्या अंत्ययात्रेला ते खांदेकरी होते.

आत साहेबांच्या मेजासमोर बाकावर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. कारकुनाने दस्त वाचायला घेतला.

"लिहून देणार, एक, मनोहर त्र्यंबक घळसासी, वय अठ्ठेचाळीस. दोन, सौ. कुमुदिनी मनोहर घळसासी, वय एक्केचाळीस..." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "एक्केचाळीस? वहिनी, आमच्या घरच्यांना सांगा हो जरा काय लावता ते."

बलदवाशेठ मोठ्याने हसले. हेही हसले. मला एकतिसावं चालू होतं.

वाचणं संपलं. साहेब वयस्कर होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी आधी यांना विचारलं, दस्त कबूल आहे का, पैसे पोचले का. यांनी होकार दिला, सही केली. मग एक जाड रजिस्टर पुढे आलं. कारकुनाने यांचा डावा अंगठा शाईच्या गादीवर दाबून चौकटीत उमटवला आणि चिंधी दिली. मी ते रजिस्टर बघत राहिले. पानभर अंगठे होते. सही सोडून अंगठाही द्यायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. यांच्याही लक्षात राहिलं नसावं, कारण चिंधीने बोट पुसता पुसता ते एकदम थांबले.

"बाई, आता तुम्ही," साहेब म्हणाले. "हा दस्त तुम्हाला वाचून दाखवला. समजला?"

"समजला."

"हे घर अठ्ठावन्न साली तुम्ही उभयतांनी खरेदी केलं. बरोबर?"

पेन माझ्या हातात होतं. 'कु' कसा वळवायचा ते बोटांना पाठ होतं. मला वाटतं, साहेबांनी नुसतं 'सही करा' म्हटलं असतं तर मी केली असती. पण त्यांनी विचारलं. आयुष्यात मला कुणी फारसं काही विचारलं नव्हतं. नाव बदलताना नाही, लग्न ठरवताना नाही. सरकारी माणसाने समोर बघून प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून खरं उत्तर गेलं.

"अठ्ठावन्न साली मी पाचवीत होते," मी म्हणाले.

बाहेर एक दस्त लिहिणारा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता, तेवढाच आवाज.

कारकून म्हणाला, "म्हणजे काय?"

साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. यांच्याकडे पाहिलं, पटण्यांकडे पाहिलं. मग दस्ताची घडी घालून तो यांच्यापुढे सरकवला. "घळसासी, घरी जा. हा दस्त कसा करायचा ते कुणा चांगल्या माणसाला विचारा आणि मग या. मी काही ऐकलं नाही." आणि मला म्हणाले, "बाई, पाणी प्या."

बाहेर आल्यावर बलदवाशेठनी मला नमस्कार केला, यांना केला नाही.

आम्ही टांगा केला नाही, चालत निघालो. हे दोन पावलं पुढे. भगवंताच्या देवळापर्यंत आलो. तिथे थांबून म्हणाले, "एक 'हो' म्हणायचं होतं तुला. एकच अक्षर."

"मला नाही म्हणता आलं."

"मग घरी सांगायचं होतंस. चार लोकांत माझी..." ते परत चालू लागले. "तुझ्यासाठी करत होतो मी, कुमुद. तुझ्याच नावावर घर व्हावं म्हणून."

"माहीत आहे."

"माहीत आहे, म्हणे."

तेव्हा रागाने का होईना, त्यांनी मला नावाने हाक मारली. ती शेवटची.

गाव लहान. कारकुनाला तोंड होतं. दोन महिन्यांत गोष्ट सगळीकडे झाली, आणि होता होता तिचं रूप असं झालं की घळसाश्यांची दुसरी बायको पहिलीच्या नावाने घर विकायला गेली आणि साहेबांनी तिला वयावरून पकडली.

संक्रांतीला शैला लातूरहून आली. काळी चंद्रकळा, नवी जोडवी. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात यायची आणि माझ्या गळ्यात पडायची. त्या दिवशी ओसरीवरच बसली. मी आत चहा टाकला होता. मधलं दार उघडं होतं.

"बाबा, गावात बोलतात ते खरं का?"

"काय बोलतात?"

"आमच्या ह्यांच्या मामांना बाजारात कुणी सांगितलं. माझ्या आईच्या नावाने सही करून घर विकायला निघाला होतात म्हणे."

चहा उकळून वर आला, मी भांडं उतरवलं.

"अगं, हिच्या डोक्यात पुण्याचं खूळ शिरलं," हे म्हणाले. "ब्लॉक पाहिजे, नावावर पाहिजे. माझ्या मागेच लागली. म्हणाली, नाव तर तेच आहे, कुणाला काय कळतंय. मीही शेवटी कंटाळून..."

मी कप घेऊन बाहेर आले. हे एकदम थांबले. शैलाने माझ्याकडे पाहिलं.

"आई, खरं का हे?"

मी यांच्याकडे पाहिलं. मुलांना ओरडणारा, दस्त वाचू शकणारा, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पण हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसला होता. नजर वर करत नव्हता. मी एक वाक्य बोलले असते तर शैलाला सगळं खरं कळलं असतं.

"ब्लॉकची हौस मला होती," मी म्हणाले.

शैलाने कप घेतला नाही.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी सही दिली असती. सासऱ्यांना पत्ता लागू न देता दिली असती. तुझ्यासाठी काय चार आणे जड होते मला?"

हे मी धरून चाललेच नव्हते. यांनीही नाही. हिशेब करताना आम्ही तिचा सासरा मोजला, तिला मोजलीच नाही.

"शैले, गुळाची पोळी खाऊन..." अक्का आतून म्हणाल्या.

"नको अक्का, गाडी आहे." ती उठली. दाराशी वहाणा घालताना म्हणाली, "अक्कांनी तुला माझ्या आईचं नाव दिलं होतं. तिचं घर नव्हतं दिलं." आणि मग, वळून न बघता, "येते, मावशी."

मी तिला हाक मारली नाही. सहा वर्षांची असताना तिची आई गेली होती. तिच्याकडे बाप तेवढा राहिला होता, आणि तो मला तिच्यापासून काढून घेववला नाही. त्या वेळी वाटलं, आपलं काय, आपण नंतर कधीतरी सांगू. पोर दुपारपुरती रागावली आहे.

घर विकलं गेलं नाही. हे दोन वर्षं पुण्यात खोली घेऊन एकटे राहिले, हाताने स्वयंपाक करून पोटाचं दुखणं लावून घेतलं आणि परत आले. पुढे गावातल्याच एका पेढीवर हिशेब लिहायचे. आमचा संसार वाईट झाला असं नाही. पण त्यांनी मला पुन्हा कुमुद म्हटलं नाही. 'अगं' म्हणायचे, किंवा नुसतंच खाकरायचे. तेरा वर्षं मला वाटत आलं होतं की ती हाक माझी नाहीच, तिची आहे. ती बंद झाल्यावर कळलं की थोडी माझीही होती.

अक्का ऐंशी साली गेल्या. बलदवाशेठनी मागच्या गल्लीत दुसरं घर घेतलं. पाडव्याला जेवायला बोलावणं आलं. आम्ही गेलो नाही, तर त्यांनी ताट घरी पाठवलं. कचेरीतले साहेब त्याच वर्षी निवृत्त झाले असं ऐकलं.

हे शहाण्णव साली गेले. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "शैलाला सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "सांगा की. बोलावू का तिला?" त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बोलावलं नाही. तेराव्याला ती आली होती, दिवसभर माझ्याजवळ बसली. तिच्या नवऱ्याने घराचा विषय काढला तर त्याला म्हणाली, "मावशी आहे तोवर कुणी काही बोलायचं नाही." मी तिच्याकडे वळले, सांगायला म्हणूनच वळले. समोर यांचा हार घातलेला फोटो होता, आणि ती डोळ्यांना पदर लावून त्याच्याकडे बघत होती.

हेमंत पुण्यात आहे. त्याने आणि सुनेने फ्लॅट घेतला तो दोघांच्या नावावर. कचेरीत दोघं कॅमेऱ्यासमोर बसली, यंत्रावर अंगठे टेकवले आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायली, असं तो हसत सांगत होता. मी त्यांच्याकडे जाऊन येऊन असते. पण राहते बार्शीलाच. घरावर अजून तीच दोन नावं आहेत. कुणी बदलायला गेलं नाही.

शैला शाळेत शिकवत होती. आता निवृत्त आहे, दोन नातवंडं आहेत, गुडघे दुखतात. दर महिन्याला लातूरहून तिचा फोन येतो. औषधं घेते का विचारते, पाणी आलं का विचारते, थंडीत शाल पांघरत जा म्हणून दटावते. पोटच्या मुलीने करावं तसं सगळं करते. फोन वाजला की तिचा पहिला शब्द ऐकायला मी अजून जरा थांबते, लगेच 'हॅलो' म्हणत नाही.

"मावशी," ती म्हणते, "ऐकू येतंय ना?"